मोठ्या शहरातला रविवार

नंदुरबार मोठं शहर आहे की नाही, हा प्रश्न ज्यांच्या घरात लग्नाचा मुलगा नाही त्यांना कधी पडत नाही. ते खुशाल मिरचीचा व्यापार करतात, प्लॉट पाडतात, रेल्वे फाटकाशी अडकले की शिव्या घालत उभे राहतात. पण मुलगा तिशी ओलांडून पुढे सरकला की बाप गावाची लांबी-रुंदी मोजायला लागतो.

पितांबर पाटलांच्या घरात त्या रविवारी तेच चाललं होतं.

थोरली सून रंजिता सकाळी ओट्यावर आली तेव्हा तिचा नवरा हेमराज फुईचा माठ उचलत होता. लोखंडी तिवईवर ठेवलेला, वर पितळी झाकण, झाकणावर उपडा ग्लास. धनुफुई, म्हणजे हेमराजची आत्या, नंदुरबारला राहायला आली त्याच आठवड्यात तिने तो तिथे मांडला होता. भाजीवाली छबूबाई, गॅसची टाकी आणणारा, मीटर बघायला येणारा, जो येईल तो पाणी प्यायचा, आणि पाणी पिऊन होईपर्यंत फुईने त्याचं गाव, त्याची सासुरवाडी आणि त्याच्या म्हशीचं दूध काढून घेतलेलं असायचं. हेमराजने तो माठ नेऊन बाथरूममध्ये बादलीशेजारी ठेवला.

"अहो, प्यायच्या पाण्याचा माठ तिथे?"

"एक दिवस. ओट्यावर माठ दिसला की खेडं दिसतं."

काल संध्याकाळी रंजिताचा लग्नाचा दीर हेमकांत फुईलाच मोटरसायकलवर बसवून प्रकाशाला, गावच्या घरी, सोडून आला होता, तिथे माठाचं काय.

पाहुणे तळोद्याहून येणार होते. मुलीचं नाव काजल, नाशिकला फार्मसी शिकलेली, आता तळोद्यात बापाच्या घरी. मध्यस्थ बन्सीलाल, दोन्हीकडचा लांबचा नातेवाईक. त्याने महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं की मुलीची एकच अट आहे, नवरा मोठ्या शहरात पाहिजे. पुणे, नाशिक, सुरत. बन्सीलालने तिला विचारलं होतं, नंदुरबार का नको? ती म्हणाली होती, ते मोठं शहर नाही. यावर हेमराजला जो राग आला तो अजून उतरला नव्हता. हेमराज बायपासपलीकडचे प्लॉट विकायचा. नंदुरबार मोठं शहर आहे हे वाक्य तो रोज विकत होता, आणि घरातल्याच सोयरिकीत ते कोणी घेईना.

शेवटी बन्सीलालनेच तोड काढली. मुलीने स्वतः येऊन बघावं. घर बघावं, शहर बघावं, मग ठरवावं. मुलगी स्वतः घर पाहायला येणार हे ऐकून पितांबरच्या भाऊबंदकीत आठवडाभर तोच विषय होता.

आणि मग हेमराजने नेम सांगितले. आज घरात अहिराणी बोलायची नाही. प्रकाशाहून कोणी काका, चुलतभाऊ, भावकीतली म्हातारी माणसं यायची नाहीत. ओट्यावर चपलांचा ढीग दिसायचा नाही. खायला बेकरीतली सँडविच. आणि फुई आज नको. फुई इथे असली की ती पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसेल, मुलीच्या आईला विचारेल की तुमनी विहीरले पानी कितलं शे, आणि झालं, आलं खेडं. फुईला सांगितलं, आप्पांचा, म्हणजे पितांबरचा, नवस आहे, तू प्रकाशाच्या केदारेश्वरला अभिषेक करून ये.

फुई उठली. डोळ्यांत घालायचे थेंब पिशवीत टाकले, हेमकांतच्या मागे बसली, आणि निघताना रंजिताला फक्त एवढं म्हणाली, "मी काय मानसे खास का वं?"

माणसं खाते का मी, हे वाक्य रंजिताला रात्रभर पुरलं होतं.

*

गाडी आली तेव्हा पितांबर दारात होते. एकच गाडी. तिच्यातून नरोत्तम पाटील उतरले, त्यांची बायको प्रमिलाबाई, काजल, आणि पुढच्या सीटवरून बन्सीलाल. पितांबर अजून गाडीच्या मागे बघत होते. मागे दुसरी गाडी नव्हती.

पितांबरना ते लागलं. यांच्यात घर पाहायला येणं म्हणजे गाड्या भरून माणसं येणं. मुलीचे काका, मामा, मामांचे व्याही, गावातला एखादा शहाणा म्हातारा. ते घर बघायचं निमित्त करतात आणि माणसं बघतात. गोठ्यात जाऊन गुरांच्या पाठीवर हात फिरवतात, भावाभावांत बोलणं आहे का ते चहाच्या कपावरून ओळखतात. नरोत्तम पाटील एकटे आले म्हणजे त्यांनी हे घर भाऊ आणण्याच्या योग्यतेचंही धरलं नाही. स्वतः आपल्या सगळ्या भाऊबंदांना येऊ नका म्हणून फोन केल्याचं पितांबरच्या त्या क्षणी डोक्यातही आलं नाही. माणूस असाच असतो.

"यावं, यावं. प्रवास सुखाचा झाला ना?" पितांबर म्हणाले. उभ्या जन्मात ते कोणाला यावं म्हणाले नव्हते.

"हो, सुखाचा झाला. रस्ता उत्तम आहे," नरोत्तम पाटील म्हणाले, आणि दोघंही शाळेच्या तपासणीला बसल्यासारखे सोफ्यावर बसले.

हेमराजने सुरुवात केली. नंदुरबार जिल्हा झाल्यापासून कुठल्या कुठे गेलं. मेडिकल कॉलेज आलं. सुरतेला रेल्वे थेट. बायपासच्या पलीकडे दोन वर्षांपूर्वी कापूस होता, आज बंगले आहेत. सातपुड्यातल्या धडगावचा माणूस जीपमधून इथे उतरला की त्याला विचारा, मोठं शहर कशाला म्हणतात. नरोत्तम मान हलवत होते. काजल खिडकीबाहेर बघत होती. ती धडगावची नव्हती, हे हेमराज सोडून सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं.

मग वारा फिरला. जानेवारी होता. शहराच्या कडेने वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या, मैलभर जमीन लाल. वारा तिकडून आला की अख्खं नंदुरबार खोकतं. प्रमिलाबाईंना ठसका लागला, मग नरोत्तमना, मग बन्सीलालला.

"जरा प्रदूषण आहे," हेमराज घाईघाईने म्हणाला. "मोठ्या शहरात एवढं चालायचंच."

"मिरची आहे ना ही?" प्रमिलाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

हेमराजने उठून खिडकी लावली. ज्या मिरचीवर हे गाव उभं राहिलं तिचं नाव घ्यायला माणसाला लाज वाटावी, एवढं मोठं शहर होण्याची घाई.

नरोत्तमनी विचारलं, शेजारी कोण राहतात. हेमराज म्हणाला, असतील कोणी बँकेचे साहेब, कल्पना नाही, इथे कोणी कोणाच्यात डोकावत नाही. पितांबर खाली बघत बसले. शेजारचा साहेब धुळ्याचा होता, त्याच्या बायकोला साखर होती, थोरल्या मुलीचं सासरी पटत नव्हतं आणि धाकटा दहावीला होता. फुईमुळे हे घरात सगळ्यांना पाठ होतं. हेमराजलाही.

"बरं, आणि तुमची घरची इतर मंडळी?" नरोत्तमनी विचारलं. त्यांची नजर दाराकडे, रिकाम्या ओट्याकडे गेली. तिथे एकही चप्पल नव्हती.

"एवढेच आम्ही," हेमराज म्हणाला.

नरोत्तम पाटलांनी बायकोकडे बघितलं. पितांबरनी ती नजर ओळखली. सोयरिकीच्या बोलण्यांत त्यांनी स्वतः कितीदा तशीच टाकली होती. या घराला माणसं नाहीत. भावकीने टाकलेलं दिसतंय. काहीतरी आहे.

*

काजल पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आली. रंजिता सँडविचचे त्रिकोण ताटलीत लावत होती. तिला त्या त्रिकोणांचा सकाळपासून राग येत होता.

काजलने इकडंतिकडं बघितलं, मग सरळ विचारलं, "वहिनी, दिवसभर तुमच्याकडे कोण येतं?"

कोणी नाही, हे उत्तर हेमराजने पढवून ठेवलं होतं. रंजिताच्या ओठावर ते आलंही. पण मुलीचा चेहरा बघून तिला स्वतःची दहा वर्षं आठवली. ती सुरतेची, उधन्याची. बाप पॉवरलूमवर कामाला, एका खोलीत सहा माणसं, गल्लीत सगळं खान्देश. मोठं शहर मोठं शहर म्हणतात ते तिने बघितलं होतं, आणि तिथे तिला कधी एकटं वाटलं नव्हतं. एकटं वाटलं ते इथे येऊन. या कॉलनीत, जाळीच्या दारामागे. हेमराज सकाळी प्लॉटवर जायचा, सासरे शेतावर, दीर ठिबकच्या दुकानात. दुपारी कुकरची शिट्टी झाली की तिला बरं वाटायचं, काहीतरी बोललं म्हणून. मूल झालं नाही. त्यावर कोणाशी बोलायचं? सासू तिच्या लग्नाआधीच गेलेली. मग तीन वर्षांपूर्वी फुई डोळ्याच्या ऑपरेशनला आली आणि राहिली. ओट्यावर माठ आला. माठापाठोपाठ माणसं आली.

रंजिताने हे सगळं काजलला सांगितलं. खालच्या आवाजात, भराभर. ही फुई म्हणजे आप्पांची विधवा बहीण, आई गेल्यावर दोन्ही पोरांना तिनेच वाढवलं, हेमकांतभाऊ तर तिच्याच कुशीत मोठे झाले. आज तिला मुद्दाम प्रकाशाला पाठवलंय. ती असली की हे घर असं दिसत नाही. ती असली की तुला इथे एक दिवस एकटं वाटणार नाही. मी सांगते ना.

रंजिताला वाटलं, मुलीला बरं वाटेल.

काजलचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या ओट्यावर बसतात. आणि सगळे येतात."

"हो ना."

"आणि सगळ्यांना सगळं विचारतात."

रंजिताचा हात ताटलीवर थांबला. आपण काहीतरी मोडलं एवढं तिला कळलं. काय मोडलं ते नाही.

*

मुलामुलीला बोलायला गच्चीवर पाठवायची रीत आता खेड्यातही आली आहे. हेमकांत कठड्याला टेकून उभा होता. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता, खाली प्लॉटचे दगड, पलीकडे मिरचीचा लाल पट्टा. त्याने कितीतरी मुलींना ही गच्ची दाखवली असती, पण त्यातली कोणीच इथवर आली नव्हती. एकीच्या बापाने फोनवर विचारलं होतं, तुमच्याकडे मॉल आहे का. एक मुलगी म्हणाली, नंदुरबार म्हणजे ते जंगलवालं ना? एकीने फोटो बघून होकार दिला आणि पिनकोड बघून नकार. दुकानात शेतकरी त्याला शेठ म्हणायचे. घरी तो जेवायचा, ताट धुवायचा आणि मोबाईलचा उजेड तोंडावर घेऊन पडायचा. दाराच्या फटीतून फुई विचारायची, हेमू, झोपना का? तेवढंच त्या दिवसातलं त्याच्याबद्दलचं वाक्य असायचं.

काजल म्हणाली, "मी स्पष्ट बोलते. चालेल ना?"

तो म्हणाला, चालेल.

तिने सांगितलं. तिचं लग्न मोडलं होतं, पत्रिका वाटून झाल्यावर. मुलाकडच्यांनी कारण दिलं नाही, म्हणून तळोद्याने शंभर कारणं दिली. बाजारात कोथिंबीर घेताना बाई विचारते, काय गं, जमलं का कुठे? जीप स्टँडवर पोरं मान वळवून बघतात. आईच्या मैत्रिणी गालावर हात फिरवतात. तो हात तिला मारल्यासारखा लागतो.

"मला मॉल नको," ती म्हणाली. "मला असं गाव पाहिजे, जिथे कोणी विचारणार नाही. मी त्यालाच मोठं शहर म्हणते. मघाशी हे घर बघून मला पहिल्यांदा वाटलं, इथे जमेल. कोणी नाही, काही नाही. मग वहिनींनी सांगितलं."

हेमकांत कठड्यापासून सरळ झाला.

"त्या तुमच्या आईसारख्या आहेत. मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण त्या ओट्यावर बसणार, आणि पहिल्याच आठवड्यात माझी मोडलेली सोयरीक या सगळ्या गल्लीला माहीत होणार. प्रेमानेच सांगतील त्या. प्रेमानेच सांगतात सगळे." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "तुम्ही मला आवडलात. म्हणून बोलले. नाहीतर नंदुरबार नको एवढंच सांगून गेले असते."

तिच्या आवाजात अट नव्हती. असती तर हेमकांतला रागावता आलं असतं. ती थकलेली होती आणि तोही थकलेला होता. थकलेल्या दोन माणसांना एकमेकांचं म्हणणं फार लवकर पटतं. कोणीतरी त्याला आवडलात म्हटल्याला किती वर्षं झाली, ते आठवायचा तो प्रयत्न करत होता.

*

खाली तोवर मोडत आलं होतं. नरोत्तम पाटील चपला शोधत होते. बन्सीलाल त्यांच्या मागेमागे, निदान सँडविच तरी, असं काहीतरी म्हणत होता. काजल आणि हेमकांत जिना उतरून आले तेव्हा नरोत्तम दारात वळले. एवढा वेळ छापील मराठीत बोलून त्यांचा जबडा दुखत असावा.

"पितांबरभाऊ, एक इचारू का? राग नका मानू. तुमनी भाऊबंदकी कोठे शे?"

हेमराज पुढे झाला, म्हणाला, काय आहे, हे शहर आहे—

"तू चूप," पितांबर म्हणाले. ते सोफ्यावरून उठले. "मीच सांगं त्यासले, येऊ नका. नंदुरबार मोठं शहर दखावानं व्हतं ना तुमले. बठ्ठी भाऊबंदकी प्रकाशाले बठेल शे, धोयेल कपडा घाली."

नरोत्तम बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यापासून हसू सुरू झालं आणि ते दाराच्या चौकटीला धरून हसले.

"मंग आम्हीबी तेच कयं ना. मन्हा भाऊ, मन्हा साला, बठ्ठासले नही सांगं. म्हनं शहरना लोके शेतस, गाड्या भरी गयात ते काय म्हनतीन." त्यांनी चपला पुन्हा काढल्या. "आनि मी आठे बठी इचार करी ऱ्हायनू, या घरले मानसेच नहीत का?"

प्रमिलाबाईही हसल्या, म्हणाल्या, आनि ती मिरचीच व्हती ना? मग सगळेच खोकले आणि हसले. दोन पोक्त माणसं शहरासारखं वागायला जाऊन एकमेकांना भिकार समजत बसली होती. पाच मिनिटांत घराचं घर झालं. पितांबर आणि नरोत्तम यांच्यात तापीच्या पाण्यावर, पपईच्या भावावर, कोणाचा आजा कोणाचा कोण यावर बोलणं सुरू झालं. हेमराजलाही कोणी काही बोललं नाही, म्हणून तो सँडविच खायला लागला. बन्सीलालने खिशातली सुपारी काढून टेबलावर ठेवली. ती तो नेहमीच बाळगायचा.

नरोत्तमनी मुलीकडे बघितलं. काजलने हेमकांतकडे बघितलं, मग जमिनीकडे. तिने नाही म्हटलं नाही.

"मंग आज फोडी टाकू," नरोत्तम म्हणाले. "तुमना घरमा वडील कोन?"

"मन्ही बहीन. धनुबाई."

"त्यासले बलावा. वडील मानूस समोर नही आनि सुपारी फोडानी, हाई काय रीत शे का? प्रकाशा काय दूर शे. गाडी धाडा. येथीन तोवर आम्ही बठतस."

पितांबरचा चेहरा असा उजळला की रंजिताला स्वयंपाकघराच्या दारातून ते बघवेना. ती आत वळली, बाथरूममधून माठ काढला, मोरीत धुवायला घेतला. फुई येते आहे.

तिच्या पाठीमागे हेमकांतचा आवाज आला. सगळे अहिराणीत बोलत असताना तो मराठीत बोलला, म्हणून तो आवाज वेगळा पडला.

"फुईला आता प्रवास झेपत नाही. ती प्रकाशालाच असते आता. तिथेच राहणार आहे."

पितांबर मुलाकडे बघत होते. काल संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची बहीण मोटरसायकलवर टांग टाकून बसली होती, चढायला हात लागला नव्हता. त्यांनी फक्त एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी हेमकांतच्या कानशिलावरचे पांढरे केस बघितले. मग काजलकडे बघितलं. ती हेमकांतकडे बघत होती, आणि तसं आजवर त्यांच्या मुलाकडे कोणी बघितलं नव्हतं.

हेमराजने सँडविच खाली ठेवलं. "कायमचं?" त्याने हळूच विचारलं. त्याला एका दिवसाचंच हवं होतं. खरंच. हेमकांतने त्याच्याकडे बघितलं नाही.

"तब्येतनं ते शेच," बन्सीलाल म्हणाला. "वय व्हयनं."

"व्हयनं," पितांबर म्हणाले. त्यांनी अडकित्ता मागितला. "मंग मीच वडील."

सुपारी पहिल्या दाबाला फुटली.

*

पाहुणे गेल्यावर हेमकांत कार काढत होता. प्रकाशाला पेढे द्यायचे होते. रंजिता बाहेर आली. तिच्या एका हातात फुईची लुगड्यांची पिशवी, दुसऱ्या काखेत माठ.

"वहिनी, माठ राहू द्या."

"अर्धवट नका नेऊ," ती म्हणाली. "नेताय तर सगळं न्या." तिने मागच्या सीटवर माठ ठेवला, तो पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना लुगड्यांच्या घड्या लावल्या. झाकण आणि ग्लास वर बांधला. ओट्याच्या कोपऱ्यात तिवई तशीच राहिली, मधोमध भोक घेऊन. ती उचलायला तिचे हात वळले नाहीत.

*

धनुबाईने त्या दिवशी अभिषेक केला नव्हता. केदारेश्वराच्या पायरीवर बसून राहिली, घाटाखाली तापी बघत. परगावची माणसं अस्थी घेऊन येत होती, होडीत बसत होती. देवाला काय खोटं सांगायचं, म्हणून ती आत गेली नाही.

घरी आली तर दोन खणांच्या त्या घरापुढे अख्खी भाऊबंदकी बसलेली. नंदुरबारला जायचं म्हणून आठवडाभर आधी टोप्या धुतलेल्या, मग फोन आला, येऊ नका. रविवारी धुतलेल्या टोप्या घालून माणसं जाणार कुठे? ती धनुबाईच्या दारात आली. चुलतभावजय तुळशीबाईने चुलीवर चहाचं पातेलं चढवलं. टोमणे चालले होते. नंदुरबारमा आमले कोन वळखस, नंदुरबार आते मुंबईना मोठा भाऊ शे. सगळे हसले, धनुबाईही हसली. तिने आल्यागेल्याला गूळ दिला. सगळ्यांनी तिला विचारलं, तू कशी आठे? ती म्हणाली, नवस व्हता. सगळ्यांनी ते खरं धरलं, आणि कोणाच्याही तोंडाकडे तिला बघता येईना. तिच्या आयुष्यात एवढी माणसं भोवती असताना ती इतकी एकटी कधी बसली नव्हती.

दिवस मावळता माणसं पांगली. तुळशीबाई राहते म्हणाली, तिलाही घरी पाठवलं.

गाडीचा आवाज आला तेव्हा ती दारात होती. हेमकांत उतरला, पाया पडला, पेढा तिच्या हातावर ठेवला.

"जमनं का?"

"जमनं."

तिने पेढा त्याच्याच तोंडात घातला. गाल दोन्ही हातांत धरून बघितलं. लहानपणी ताप बघायची तसं. "पोर कशी शे?"

"चांगली शे, फुई." मग म्हणाला, "तिनंबी मन्हासारखंच शे."

धनुबाईने मान हलवली. मग तिला गाडीच्या काचेतून मागची सीट दिसली. लुगड्यांच्या घड्यांमध्ये बसवलेला माठ, वर बांधलेला ग्लास. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. हेमकांत तिच्या पायांकडे बघत होता.

"माले सांगानं ना," ती म्हणाली. "फुई, तू आते नंदुरबारले नको ऱ्हाऊ. मी नही म्हनतू का? केदारेश्वरनं नाव कसाले लिधं?"

घाटावरून कुठल्या तरी होडीचा नावाडी कोणाला तरी हाक मारत होता, ती हाक थांबेपर्यंत दोघं उभे राहिले.

"मंग," धनुबाई म्हणाली, "नंदुरबार मोठं शहर व्हयी गयं म्हन."

"हां फुई," हेमकांत म्हणाला. "व्हयी गयं."

तिने गाडीचं दार उघडलं. त्याने हात पुढे केला तो तिने बाजूला सारला, आणि माठ पोटाशी धरून स्वतःच उतरवला. झाकण काढून आत हात घातला. कोणीतरी आज तो घासून धुतला होता. आतून तो अजून ओला होता.